एका क्वांटम डॉटमुळे लेझर कमी होतो, तर तो प्रकाश जातो कुठे?

खंडवारोड_फिजिक्स:
नमस्कार मंडळी. मी इंदूरलाच एमएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, पुढच्या आठवड्यात सेमिनार आहे आणि विषय घेतलाय एकटा क्वांटम डॉट (सेमिकंडक्टरचा नॅनोमीटरमध्ये मोजायचा ठिपका) लेझरचं काय करतो हा, म्हणजे किती प्रकाश शोषतो आणि किती विखुरतो. पेपर बरेच वाचले, पण तीन ठिकाणी गाडी अडलीये.

पहिलं म्हणजे साइज. गॅलियम आर्सेनाइडमध्ये पुरलेला इंडियम आर्सेनाइडचा डॉट साधारण २० नॅनोमीटर रुंद, उंची तर त्याहून कमी. लेझर ९५० नॅनोमीटरच्या आसपासचा, लेन्स कितीही भारी लावा, स्पॉट साधारण १ मायक्रॉनचाच येतो. म्हणजे डॉटने स्पॉटचा अडीच हजारावा भाग झाकला. मग पेपरमध्ये चांगले काही टक्के प्रकाश कमी झालेला दाखवतात तो कसा?

दुसरं, डॉटने फोटॉन घेतला तरी एखाद्या नॅनोसेकंदात तो परत सोडतोच ना, त्याच रंगाचा. घेतलं तेवढं दिलं तर डिटेक्टरला कमी का दिसतं?

आणि तिसऱ्याने तर डोकंच फिरलंय. एका ग्राफमध्ये एक खड्डा आहे आणि त्याच्या शेजारीच तेवढ्याच उंचीचा उंचवटा आहे. माझ्या बॅचमधला एकजण ठामपणे म्हणतोय की उंचवटा म्हणजे गेन, डॉट लेझरला वाढवतोय. मला पटत नाहीये पण खोडून पण काढता येत नाहीये. कोणी कॅटमधले (इंदूरचं लेझर संशोधन केंद्र, आरआरकॅट) किंवा सिमरोलच्या आयआयटीतले इथे असतील तर प्लीज सांगा, मराठीत सांगितलं तर डोक्यात जास्त पक्कं बसेल.

हेलियम_चार:
मस्त विषय घेतलायस, माझी पीएचडीची बरीच वर्षं ह्याच खड्ड्यात गेली. आधी साइजचं बघू.

रेझोनन्सवर असलेली, म्हणजे लेझरचा रंग तिच्या दोन एनर्जी लेव्हलमधल्या अंतराशी नेमका जुळलेला अशी, दोन लेव्हलची कुठलीही सिस्टिम, मग तो अणू असो की डॉट, लेझरला केवढी दिसते हे तिच्या अंगकाठीवर अवलंबून नसतं, तरंगलांबीवर असतं. क्रॉस सेक्शन म्हणजे लेझरला दिसणारं क्षेत्रफळ, त्याचं सूत्र तीन लॅम्डा (तरंगलांबी) वर्ग भागिले दोन पाय (π). त्यात डॉटचा आकार कुठेच येत नाही. लॅम्डा मात्र गॅलियम आर्सेनाइडच्या आतली घ्यायची, रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स साधारण ३.५ म्हणून ९५० चे झाले २७० नॅनोमीटर. आकडे टाक, ०.०३५ चौरस मायक्रॉन येतात. डॉटचं खरं क्षेत्रफळ काढलंस तर ०.०००३ चौरस मायक्रॉन, म्हणजे लेझरला तो स्वतःच्या शंभरपट मोठा दिसतो. १ मायक्रॉनच्या स्पॉटचं क्षेत्रफळ ०.७८, त्याने भाग दे, साडेचार टक्के. तुझे काही टक्के ते हे.

अर्थात हे फुकट मिळत नाही. डॉट ४ केल्विनच्या आसपास थंड पाहिजे आणि लेझर अगदी नेमका रेझोनन्सवर पाहिजे, आता नेमका म्हणजे किती तर वरच्या लेव्हलचं आयुष्य १ नॅनोसेकंद धरलं तर नैसर्गिक लाइनविड्थ (रेझोनन्सच्या रेषेची रुंदी) येते ०.६६ मायक्रो इलेक्ट्रॉन व्होल्ट आणि फोटॉनची एनर्जी आहे १.३ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे वीस लाखात एक एवढा नेमकेपणा. खऱ्या सॅम्पलमध्ये आजूबाजूचे चार्ज हलत राहतात त्यामुळे लाइन दीड-दोन मायक्रो इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत पसरते आणि खड्डा उथळ होतो. तरी २००७ मध्ये सॅम्पलवर गॅलियम आर्सेनाइडचीच सॉलिड इमर्शन लेन्स बसवून, स्पॉट अजून लहान करून, एका डॉटने १२ टक्के लेझर अडवलेला मोजलाय. दहा-वीस हजार नाहीतर लाखभर अणूंचा एक ठिपका उघड्या लेझर बीमचा आठवा हिस्सा कमी करतो, मला आजही हे वाचलं की अंगावर काटा येतो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लांब आहे, जेवून येतो.

राजेंद्रनगरकर:
बेटा, तिसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो, माझी नोकरीची सगळी वर्षं लेझर आणि त्यांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये गेली, आता रिटायर आहे.

तो उंचवटा गेन नाही. तो लॉक-इन अँप्लिफायरने काढलेली त्याच खड्ड्याची उलटी कॉपी आहे. कसं ते बघ. हे लोक लेझर एका जागी कायम ठेवतात आणि सॅम्पलच्या गेटचं व्होल्टेज हलवतात, स्टार्क इफेक्टने, म्हणजे इलेक्ट्रिक फील्डमुळे, डॉटची रेषाच सरकते आणि लेझरवरून जाते. लेझर सरकवायचा नाही कारण वेफरच्या (डॉट ज्यात पुरलाय त्या चकतीच्या) दोन पृष्ठभागांत प्रकाश मागेपुढे होतो, वेव्हलेंग्थ बदलली की त्याच्या लाटा सिग्नलवर चढतात आणि त्या डॉटच्या खड्ड्यापेक्षा मोठ्या असू शकतात. आता त्या सरकणाऱ्या व्होल्टेजवर एक छोटी स्क्वेअर वेव्ह चढवतात, समज १०० मिलिव्होल्टची. लॉक-इन काय करतो तर वरच्या पायरीवरचा प्रकाश वजा खालच्या पायरीवरचा प्रकाश एवढंच देतो. व्होल्टेज सरकता सरकता आधी एक पायरी रेझोनन्सवर येते, तेव्हा एक चिन्ह. मग दुसरी पायरी तिथे पोचते, तोच खड्डा पण वजाबाकीत दुसऱ्या बाजूला, म्हणून उलटं चिन्ह. दोघांमधलं अंतर बरोबर १०० मिलिव्होल्ट निघेल.

तुझ्या मित्राला सांग, मॉड्युलेशन निम्मं केलं तर अंतर निम्मं होतं. खरा गेन असता तर त्याला तुमच्या फंक्शन जनरेटरशी काय देणंघेणं. ग्राफखाली मॉड्युलेशनचा आकडा लिहिलेला असेल, अक्षावर मोजून बघ. आणि स्क्वेअर वेव्ह लाइनविड्थपेक्षा लहान ठेवली तर दोन वेगळे दिसणारच नाहीत, खड्ड्याचा डेरिव्हेटिव्ह दिसेल.

फ्रीक्वेन्सी निवडताना ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटीत कधी जायचं नाही, ७७ घ्या, १८७ घ्या, १५० घेतलंत तर मेन्सची गुरगुर मोजत बसाल. ही युक्ती जुनी आणि सिद्ध आहे. १९८९ मध्ये मर्नर आणि कॅडोर यांनी एकट्या रेणूची पहिली ऑप्टिकल खूण पकडली, पेंटासीनचा रेणू, ती अशीच शोषणात आणि स्टार्क मॉड्युलेशन वापरूनच पकडली होती. मर्नरना २०१४ ला केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं.

साइजबद्दल हेलियमभाऊंनी सांगितलं त्याला पुस्ती जोडतो. आकाशवाणी इंदूर मिडियम वेव्हवर ६४८ किलोहर्ट्झ, लांबी साडेचारशे मीटरच्या वर. ट्रान्झिस्टरमधली फेराइटची कांडी बोटाएवढी. ट्यून केली की ती स्वतःच्या अंगापेक्षा कितीतरी मोठ्या भागातून एनर्जी ओढते. डॉट पण अँटेनाच आहे, फक्त ट्यूनिंग भयंकर बारीक.

सुदामानगर_ऑप्टिक्स:
काकांचं लॉक-इनचं एकदम मान्य. पण दुसऱ्या प्रश्नाला एवढं लांब उत्तर कशाला लागतं? १०० फोटॉन आले, डॉटने ५ घेतले, ते ५ चारी दिशांना फेकले, समोरच्या डिटेक्टरला ५ कमी मिळाले. संपला विषय. मी बीई च्या मुलांना असंच शिकवतो आणि हिशोब जुळतो. पेपरवाले उगाच इंटरफेरन्स इंटरफेरन्स करतात असं माझं मत आहे.

हेलियम_चार:
सर, हिशोब जुळतो हे खरं. एनर्जी कुठे जाते ह्याचं उत्तर तुमचंच बरोबर आहे, ती बाजूला जाते, आणि ताई तुझ्यासाठी, बाजूला म्हणजे बहुतेक वेफरच्या आतच. गॅलियम आर्सेनाइडमधून हवेत निघायचा क्रिटिकल अँगल साडेसोळा अंश आहे, त्यामुळे वरच्या बाजूने जेमतेम दोन टक्के बाहेर येतो, बाकीचा आतल्या आत आपटत कडेपर्यंत जातो. ९५० नॅनोमीटरला गॅलियम आर्सेनाइड पारदर्शक आहे म्हणून तो तिथे मरत पण नाही. म्हणजे दुसऱ्या प्रश्नाचा अर्धा निकाल लागला, घेतलं तेवढंच दिलं पण समोर दिलं नाही.

पण समोर कमी कसं होतं हे फोटॉन मोजून कळत नाही, आणि मोजणीचं मॉडेल कुठे तुटतं ते दाखवतो. डॉट एका बारीक वेव्हगाइडमध्ये ठेवा जिथे प्रकाशाला फक्त पुढे आणि मागे एवढ्याच वाटा आहेत. डॉट जे सोडतो त्यातला किती भाग वेव्हगाइडमध्ये जातो त्याला बीटा म्हणतात. समजा बीटा ०.९. तुमच्या मॉडेलने डॉटने सगळेच्या सगळे फोटॉन घेतले असं धरलं, तरी सोडताना निम्मे पुढे निम्मे मागे, म्हणजे पुढे ४५ टक्के जायलाच पाहिजेत. आता तरंगांनी करा. डॉटने पुढे सोडलेला तरंग आणि मूळ लेझरचा तरंग यांची बेरीज होते आणि रेझोनन्सवर ते एकमेकांच्या विरुद्ध असतात, पुढचं अँप्लिट्यूड उरतं एक वजा बीटा म्हणजे ०.१, वर्ग केला की १ टक्का. मागे जातात ८१ टक्के, उरलेले १८ गळतात. बेरीज १०० च, पण कुठे ४५ आणि कुठे १. एकटा डॉट आरशासारखा वागतो आणि हे मोजणीच्या मॉडेलमधून कधीच निघणार नाही. कोपनहेगनच्या नील्स बोर इन्स्टिट्यूटवाल्यांनी २०१४ मध्ये फोटॉनिक क्रिस्टल वेव्हगाइडमध्ये बीटा ९८ टक्क्यांच्या वर मोजलाय, म्हणजे ०.९ काही हवेतला आकडा नाही. हां, डॉटची रेषा चार्जच्या आवाजाने पसरली की खड्डा १ टक्क्यापर्यंत खाली जात नाही, ते वेगळं.

लेन्सने फोकस केलेल्या बीममध्ये पण हेच चालू असतं. रेझोनन्सवर डॉटचा डायपोल (त्यातल्या चार्जचं हेलकावणं) लेझरच्या ९० अंश मागे असतो, आणि फोकसपासून लांब जाताना बीमला गूई फेजचा (फोकसमुळे तरंगाची लय सरकते तिचा) अजून ९० अंशाचा फरक पडतो, दोन्ही मिळून १८०, म्हणून डिटेक्टरवर वजाबाकी होते. डिटेक्टर बघतो तो ह्या दोन तरंगांच्या बेरजेचा वर्ग. विखुरलेला एकटा प्रकाश फार थोडा असतो पण लेझरबरोबरचा त्याचा क्रॉस टर्म (बेरजेच्या वर्गातला दोघांच्या गुणाकाराचा भाग) मोठा असतो, खड्डा त्या क्रॉस टर्मचा.

ह्यातूनच काकांनी सांगितलेल्याच्या पलीकडचं एक येतं, ताई हे सेमिनारमध्ये नक्की घे. कधीकधी उंचवटा खरा पण असतो! सॅम्पलच्या पृष्ठभागावरून परतलेला लेझर मध्ये मिसळला की फेज १८० राहत नाही, मग रेषा सरळ खड्ड्यासारखी न दिसता एका बाजूला खाली आणि दुसऱ्या बाजूला वर अशी तिरकी होते, डिस्पर्सिव्ह म्हणतात तशी. डिटेक्टरवर तिथे खरंच जास्त प्रकाश येतो. तरी गेन नाही, कारण दुसऱ्या दिशेला तेवढाच कमी झालेला असतो. दोन्हींत फरक कसा करायचा तर काकांचीच टेस्ट, मॉड्युलेशन बदलून अंतर बदललं तर लॉक-इन, नाही बदललं तर फेज. आणि गेनवाल्या मित्रासाठी शेवटचा खिळा, एकाच लेझरने सतत ढकललेल्या दोन लेव्हलच्या सिस्टिममध्ये वरची लेव्हल निम्म्यापेक्षा जास्त कधी भरत नाही, इन्व्हर्जनच (वरची लेव्हल खालचीपेक्षा जास्त भरलेली) नाही तर वाढवणार कशाने.

सुदामानगर_ऑप्टिक्स:
वेव्हगाइडचं उदाहरण पटलं, ४५ आणि १ मधला फरक कुठल्याच बाजूने मिटवता येत नाही. हे वर्गात घेणार. एक विचारतो, मग पॉवर वाढवली की खड्डा का नाहीसा होतो? तरंगांचीच बेरीज असेल तर दोन्ही तरंग सारखेच वाढायला हवेत.

हेलियम_चार:
डॉटच्या बाजूचा वाढत नाही म्हणून. एका वेळी एकच फोटॉन. १ नॅनोवॉटच्या लेझरमध्ये सेकंदाला साधारण ४८० कोटी फोटॉन असतात. डॉट जास्तीत जास्त अर्धा वेळ वर असतो, म्हणजे १ नॅनोसेकंद आयुष्याचा डॉट सेकंदाला फार तर ५० कोटी सोडणार, पॉवरमध्ये ०.१ नॅनोवॉट. माझ्या वरच्या साडेचार टक्क्यांच्या हिशोबात १ नॅनोवॉटलाच तो थकायला लागतो, खड्डा ३ टक्क्यांवर येतो. १०० नॅनोवॉट टाका, ४८ हजार कोटींपुढे ५० कोटी म्हणजे ०.१ टक्का. एवढ्या कमी उजेडात काम करावं लागतं म्हणून तर लॉक-इन लागतो.

आणि नुसतं कमी होत नाही, प्रकाशाची जातच बदलते. कमी पॉवरला विखुरलेला प्रकाश लेझरशी फेज धरून असतो, त्याची रुंदी लेझरइतकी बारीक, डॉटच्या नैसर्गिक रुंदीपेक्षाही बारीक. २०१२ मध्ये केंब्रिजच्या गटाने हे डॉटवर दाखवलं, आणि तरी फोटॉन एकेकटेच येतात, दोन एकत्र येत नाहीत. घेतला, ठेवला, मग मनाला येईल तेव्हा सोडला असं असतं तर रुंदी डॉटची दिसली असती, लेझरची नाही. तुमच्या ५ फोटॉनवाल्या मॉडेलला हा दुसरा धक्का. पॉवर वाढवली की हा कोहेरंट भाग घटतो आणि उरलेल्याचा स्पेक्ट्रम तीन शिखरांचा होतो, मॉलोने १९६९ मध्ये गणिताने सांगितलेला ट्रिपलेट, एकट्या डॉटमध्ये तो २००९ च्या आसपास नीट दिसला.

खंडवारोड_फिजिक्स:
बापरे, दादा, काका, सर, तिघांचे मनापासून आभार, रात्री सगळं वहीत उतरवून काढलं. काका, ग्राफखाली मॉड्युलेशन लिहिलेलं होतं आणि अक्षावर मोजलं तर अंतर अगदी तेवढंच निघालं! मित्राला दाखवलं, तो आता गप्प आहे आणि स्वतःच लॉक-इनबद्दल वाचतोय.

आता एकच राहिलं. थंड डॉटमध्ये रेझोनन्सवर सगळं विखुरणंच असेल तर माझ्या टायटलमधलं शोषण उरलं कुठे? काढून टाकू का?

हेलियम_चार:
काढू नकोस, शोषण आहे, फक्त ते कधी होतं ते सांग. शोषण म्हणजे एनर्जी प्रकाशाच्या रूपात परत आलीच नाही. ते बघायची सगळ्यात स्वच्छ जागा म्हणजे फोटोकरंट. डॉटवर जोरदार इलेक्ट्रिक फील्ड लावलं की वर गेलेला इलेक्ट्रॉन आणि होल परत भेटायच्या आधीच टनेल होऊन (अडथळ्यातून आरपार निसटून) बाहेर निघून जातात, फोटॉन गेला तो गेला, बदल्यात करंट मिळाला. २००२ मध्ये झ्रेनर आणि सहकाऱ्यांनी एका डॉटच्या डायोडवर हे केलं. प्रत्येक लेझर पल्सने बरोबर एक इलेक्ट्रॉन काढला तर ८० मेगाहर्ट्झच्या लेझरला करंट किती येईल ते गुणून बघ, १२.८ पिकोअँपिअर. स्लाइडवर हे गुणाकारासकट टाक, एका डॉटने सेकंदाला ८ कोटी फोटॉन खरोखर खाल्ले हे अँमीटरवर वाचता येतं, ह्यापेक्षा सुंदर काय असणार.

दुसरं, लेझरची एनर्जी रेझोनन्सपेक्षा जास्त ठेवली, म्हणजे गॅलियम आर्सेनाइडमध्येच किंवा वेटिंग लेअरमध्ये (डॉटखालच्या पातळ थरात) इलेक्ट्रॉन उठवले, तरी शोषण खरं. ते फोननना (क्रिस्टलच्या कंपनांना) एनर्जी देत खाली घसरतात आणि डॉटमधून लांब तरंगलांबीचा प्रकाश येतो. आपल्याकडे बऱ्याच लॅबमध्ये फोटोल्युमिनेसन्स करतात तो हाच प्रकार.

राजेंद्रनगरकर:
खोलीच्या तापमानाचं पण सांगा की, सेमिनारला कोणीतरी हमखास विचारणार, टीव्हीवाल्या क्वांटम डॉटचं काय. २०२३ चं केमिस्ट्री नोबेल त्यावरच होतं, बावेंडी, ब्रूस आणि एकिमोव.

हेलियम_चार:
बरोबर काका. कॅडमियम सेलेनाइडचे ते डॉट आणखी लहान, काही नॅनोमीटरचे, आणि खोलीच्या तापमानाला फोनन रेषेची पार वाट लावतात. क्रॉस सेक्शन उतरतो तो दहाचा उणे पंधरावा घात चौरस सेंटिमीटर ह्या घरात. आपल्या थंड डॉटचा ०.०३५ चौरस मायक्रॉन म्हणजे त्याच एककात ३.५ गुणिले दहाचा उणे दहावा घात, लाखांनी फरक. चांगल्या ऑइल लेन्सने स्पॉट ०.१ चौरस मायक्रॉन केला तरी लेझर दहा लाखात एक भाग कमी होणार, बस.

आणि इथे पारडं पूर्ण उलटं आहे, म्हणून ताई तुझं टायटल टिकतं. रेझोनन्सपासून लांब असलेल्या इतक्या लहान कणात विखुरणं व्यासाच्या सहाव्या घाताने घटतं आणि शोषण तिसऱ्या घाताने, म्हणून जे कमी होतं ते जवळजवळ सगळं शोषणच असतं. थंड आणि रेझोनंट डॉटमध्ये सगळं विखुरणं, गरम कोलॉइडल (द्रावणात बनवलेल्या) डॉटमध्ये सगळं शोषण, दोन्हीकडे डिटेक्टरला दिसतो तो फक्त खड्डा.

दहा लाखात एक मोजता येतं का असं विचारलं तर हो, झुरिचला २००९ मध्ये एकट्या कॅडमियम सेलेनाइड डॉटचं असं मोजमाप झालंय. हे डॉट ब्लिंक करतात, मध्येच चमकायचे बंद होतात. फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपला तेव्हा तो गायब. पण लेझरमधून तो कमी करतो तो प्रकाश कमी होतच राहतो, त्यामुळे विझलेला डॉट पण ह्यांना जागेवर दिसला.

खंडवारोड_फिजिक्स:
झालं, टायटल तसंच ठेवते. पहिल्या स्लाइडवर दोन डॉट शेजारी शेजारी, ४ केल्विन आणि ३०० केल्विन, खाली दोन्हींचे क्रॉस सेक्शन. वेव्हगाइडचा ४५ आणि १ फळ्यावर करणार. सर, तुम्ही इंदूरलाच असाल तर आमच्या डिपार्टमेंटला या ना, सेमिनार सगळ्यांसाठी खुला आहे, वेळ इथेच टाकते.

सुदामानगर_ऑप्टिक्स:
नक्की येतो, माझे दोन विद्यार्थी पण आणतो. मॉड्युलेशन १०० आणि ५० मिलिव्होल्टला ग्राफ कसा दिसेल ते कॉम्प्युटरवर काढून घेऊन ये, दहा ओळींचा प्रोग्रॅम आहे, उंचवट्याचा प्रश्न तिथे पण निघणारच.